एक माणूस, अनेक लेखण्या : मराठी नावांची बदलती रूपे

राष्ट्रकूट राजवटीतील इ.स. ७५८ च्या ताम्रपटात आपल्या शहराच्या परिसराचा उल्लेख 'पुण्यविषय' असा येतो. अवघ्या दहा वर्षांनी, ७६८ च्या ताम्रपटात, तोच प्रदेश 'पूनकविषय' होतो. राजवट तीच, मुलूख तोच, काळही जवळजवळ तोच. बदलला आहे तो लेख रचणारा. एकाच्या कानाला संस्कृत 'पुण्य' ऐकू आले, दुसऱ्याने लोकांच्या तोंडचा उच्चार टिपला. यांतले 'खरे पुणे' कोणते, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. माणसांच्या नावांची गोष्ट आली, की मात्र आपण विलक्षण हळवे होतो.

मोडी कागदाचे एखादे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागते. त्यात 'सिवाजी' अशी अक्षरे दिसतात आणि खाली दोन तट पडतात. एक म्हणतो, कागद बनावट आहे. दुसरा म्हणतो, लिहिणाऱ्याने महाराजांचा अवमान केला आहे. दोघेही आजची शाळेतली शुद्धलेखनाची फूटपट्टी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या हातावर मारत असतात. या धाग्यात त्या कारकुनाची बाजू मांडायची आहे. नावाचे रूप बदलते तेव्हा नेमके काय बदलते : कान, लिपी की हेतू?

प्रारंभ रायगड जिल्ह्यातल्या आक्षी गावापासून करू. तिथला शिलालेख शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा, असे एक वाचन आहे. काही अभ्यासक तो त्यानंतरचा मानतात. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा जो ग्रंथ सिद्ध केला (पुणे विद्यापीठ, १९६३), तो ज्यांनी चाळला असेल त्यांना हा लेख परिचित असेल. या लेखात शिलाहार राजा केशिदेव याचे नाव 'केसीदेवराय' असे येते. 'श्री'च्या जागी 'स्री' आहे, 'पश्चिम'च्या जागी 'पसीम' आहे. राजाचेच नाव दगडावर कोरणाऱ्याला चूक करण्याची मुभा नसते. तेव्हा ही चूक नाही, रीत आहे.

या रीतीमागचे कारण भाषेच्या पोटात आहे. ज्या प्राकृतातून मराठी घडली, त्या महाराष्ट्रीत 'श' नव्हताच, सगळीकडे 'स'. पुढे मराठीत इ, ए या स्वरांपूर्वीचा 'स' तालव्य होऊ लागला. म्हणून 'क्षेत्र'चे 'सेत' आणि त्याचे आपण 'शेत' म्हणतो; 'सिंदे' लिहितो तो माणूस 'शिंदे' वाचतो. म्हणजे जुन्या लेखकाने 'सि' लिहिले तरी वाचणाऱ्याच्या तोंडून 'शि' येण्याची सोय भाषेनेच करून ठेवली होती. दोन वेगळी अक्षरे वापरण्याची त्याला गरज भासली नाही. आक्षीच्या दगडावरचा 'केसीदेव' आणि सतराव्या शतकातल्या मोडी कागदावरचा 'सिवाजी' हे या अर्थाने एकाच घराण्यातले आहेत.

मोडीने यात आणखी भर घातली. ही लिपी वेगासाठी घडलेली. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवत जायचे. शब्द तोडायचे नाहीत. वेलांटी आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. अनुस्वार दिला तर दिला. त्यामुळे मोडीतला कागद बाळबोधीत छापताना संपादकाला पदोपदी निर्णय घ्यावा लागतो : ही वेलांटी पहिली समजायची की दुसरी? शब्द इथे तुटतो की पुढे? आपण छापील पुस्तकात जे नाव वाचतो त्यात मूळ लेखकाइतकाच या संपादकाचाही हात असतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा तरी मूळ कागद, निदान त्याचे छायाचित्र, छापील पाठाशेजारी ठेवून पाहावे. पुण्यात राहणाऱ्यांना तर भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुराभिलेखागार ही दोन्ही दालने हाकेच्या अंतरावर आहेत.

आता हेच नाव इतरांच्या लेखणीत शिरताना पाहू. राजमुद्रेच्या संस्कृत श्लोकात महाराज केवळ 'शिव' आहेत. वृत्तात 'जी' बसवण्याचे प्रयोजन नव्हते आणि देवाचे नाव धारण करणाऱ्या राजाला ते लागतही नव्हते. मराठी कागदांत ते 'राजश्री सिवाजी राजे' आहेत. मुघल इतिहासकार आणि बातमीपत्रे त्यांना 'सीवा' म्हणतात. फारसीत 'जी' लिहिता येत नाही असे नाही, 'श'सुद्धा आहे. इथे 'जी' गाळणे हा हेतू आहे. शत्रूला आदरार्थी प्रत्यय द्यायचा नाही, हा दरबारी संकेत. मात्र 'श'च्या जागचा 'स' हा त्या हेतूचा भाग मानू नये. तो तर मराठी कागदांतही आहे. एकाच शब्दात एक बदल निरागस आणि दुसरा सहेतुक असू शकतो, हे ध्यानात घेतले तर अर्धे वाद तिथेच मिटतात. याच मुघल दरबाराने १६६८ मध्ये महाराजांचा 'राजा' हा किताब मान्य केला होता, हेही विसरू नये.

संभाजी महाराजांचे नाव पाहा. संस्कृतात 'शंभु', मराठीत 'संभाजी', फारसीत 'सन्भा'. हा 'न' कुठून आला? फारसीत 'ब'पूर्वी उच्चार 'म'चा असला तरी लिहायचा 'नून' अशी पद्धत आहे. आपण 'गुंबद' म्हणतो त्याची फारसी अक्षरे 'गुन्बद' अशी. निजामशाहीचा थोर वजीर मलिक अंबर याचे नावही अक्षरशः वाचले तर 'अन्बर' होते. म्हणून फारसी साधनांतून नावे उचलताना केवळ अक्षरे बदलून भागत नाही. त्या लिपीच्या सवयी माहीत असाव्या लागतात.

किनाऱ्यावर वेगळीच मंडळी लिहीत होती. फ्रेंच प्रवासी बर्निये 'सेवा-जी' लिहितो. १७३० मध्ये लिस्बनला छापलेल्या कॉस्मे द गार्दाच्या पोर्तुगीज चरित्राच्या मथळ्यातही 'सेवाजी'च आहे. इंग्रज वखारीच्या पत्रांत 'सेवाजी', 'सेवागी' अशी वाचता येतील अशी अनेक रूपे आहेत. या किनाऱ्यावर व्यापाराची समाईक भाषा पुष्कळ अंशी पोर्तुगीज होती, दुभाषेही तीच बोलत. त्यामुळे एका युरोपियाच्या कानाने घेतलेले रूप दुसऱ्याच्या वहीत सहज उतरे. १६७४ च्या राज्याभिषेकाला रायगडावर उपस्थित असलेला हेन्री ऑक्झिंडेन न्यायाधीश निराजी रावजी यांना 'नेराजी पंडित' लिहितो. मोरोपंत इंग्रजांच्या लेखी 'मोरो पंडित' आहेत. इथे मात्र इंग्रजाने नकळत आपल्यावर उपकार केला आहे : 'पंत' हा 'पंडित'चाच संक्षेप, हे त्याच्या वहीत जपले गेले. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री पंडित लोकांच्या तोंडी 'हेमाडपंत' झाला तोही याच वाटेने.

मोरोपंतांचेच पूर्ण नाव घ्या. मराठी कागदांत 'मोरो त्रिमल', आजच्या पुस्तकांत 'मोरोपंत त्र्यंबक पिंगळे', इंग्रजी वहीत 'मोरो पंडित'. यांना तीन निरनिराळी माणसे समजून टिपणे काढणारा नवशिका अभ्यासक भेटणे मुळीच दुर्मीळ नाही. 'मोरो' हे 'मोरेश्वर'चे घरगुती रूप. तसेच नारायणाचे नारो, केशवाचे केसो, निळकंठाचे निळो, दत्तात्रेयाचे दत्तो. अनंताचा अंताजी, यशवंताचा येसाजी, विश्वनाथाचा विसाजी. कृष्णाचा प्रवास तर सर्वांत लांबचा. प्राकृतात 'कण्ह', यादवांच्या काळी राजा कृष्ण हाच 'कन्हर' आणि महानुभाव ग्रंथांत 'कान्हरदेव'. मग कान्होजी जेधे, कान्होजी आंग्रे. आणि अठराव्या शतकात मुंबईकर इंग्रजांच्या कागदांत 'कोनाजी अँग्रिया', ज्याच्या नावाने त्यांची झोप उडे. महानुभावांचा उल्लेख आलाच आहे तर महदंबेला विसरून चालणार नाही. मराठीतल्या या आद्य कवयित्रीचे नाव संस्कृत वळणाने 'महदंबा' आणि पंथीयांच्या बोलीत 'महदाइसा'. दोन्ही रूपे तितकीच तिची.

नावांच्या या प्रवासातले मला सर्वांत मनोहर वाटणारे उदाहरण महाराष्ट्राबाहेर, तंजावरला घडले. त्याची सुरुवात मात्र अहमदनगरला होते. परंपरा सांगते, की मालोजीराजे भोसल्यांना पुत्रप्राप्ती झाली ती शाह शरीफ या पिराच्या कृपेने. म्हणून त्यांनी थोरल्याचे नाव शाहजी आणि धाकट्याचे शरीफजी ठेवले. शरीफजी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत पडले. शाहजीराजांचे पुत्र व्यंकोजी, ज्यांना 'एकोजी'ही म्हणतात, त्यांनी तंजावरला राज्य स्थापिले आणि आपल्या मुलांना घराण्यातली हीच नावे दिली. थोरला शाहजी, त्यानंतरचा 'सरफोजी'. हे 'सरफोजी' म्हणजे आजोबांच्या भावाचे 'शरीफजी' हेच नाव, असे मानले जाते. आद्य 'श'चा 'स' झाला, मधली इ गळाली, 'फ' तेवढा उरला.

आता हे नाव तमिळ मुलखात आले. तमिळ लिपीत 'प', 'फ', 'ब', 'भ' या चारही ध्वनींसाठी एकच अक्षर. 'स', 'श', 'च' यांचेही बहुधा तसेच. म्हणजे 'सरफोजी' लिहा किंवा 'शरभोजी' लिहा, तमिळ अक्षरे एकच उमटणार. लिपीने ही जी फट ठेवली तिच्यातून दरबारी पंडित आत शिरले. 'शरभ' हा पुराणातला अष्टपाद प्राणी. शंकराने नृसिंहाला शांत करण्यासाठी धारण केलेले रूप. कुंभकोणमजवळच्या त्रिभुवनम येथील मंदिरात शरभेश्वराची मोठी उपासना आहे. कावेरीकाठच्या शैव प्रदेशात राजाचे नाव 'शरभ' असणे याहून शोभिवंत काय? मग राजा 'शरभेंद्र' झाला. दुसऱ्या सरफोजींच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) नावाने तमिळमध्ये जी नृत्यनाटिका प्रसिद्ध आहे तिचे नाव 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी'. त्यांच्या वैद्यकविषयक संग्रहाच्या नावातही 'शरभेंद्र'च आहे. इंग्रजांनी मात्र 'सर्फोजी'ला जवळचे स्पेलिंग धरून ठेवले, आणि त्यामुळे मधला 'फ' वाचला.

एका सूफी पिराचे नाव दोनशे वर्षांत शंकराच्या अवताराचे नाव झाले, आणि या सबंध प्रवासात कोणीही ते मुद्दाम 'बदलले' नाही. ज्याने त्याने आपल्या लिपीत बसेल आणि आपल्या श्रोत्यांना अर्थ लागेल असे लिहिले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास पाहण्याचा योग आला, तर त्या ओळींतून ही नावे शोधून पाहा. नाव 'मुळात' हिंदू की मुसलमान, असा प्रश्न घेऊन तिथे गेलात तर हाती काही लागणार नाही.

असे अर्थान्तर आपल्याकडेच घडते असे नाही. आयर्लंडच्या जुन्या बखरींत जो 'कोन्होवर' आहे, तो इंग्रजी कागदांत 'कॉनर' होतो. आणि ध्वनीच्या दूरच्या साम्यावरून त्यालाच 'कॉर्नेलियस' हे रोमन नावही चिकटते. 'तायग' या गेलिक नावाचा 'थॅडियस' होतो, 'टिमथी'ही होतो, 'डिअर्मिड'चा 'जेरेमाया'. अर्थाचा काही संबंध नाही; कारकुनाला आपल्या ओळखीचे, प्रतिष्ठित भासणारे, जवळपासच्या आवाजाचे नाव हवे होते, इतकेच. सरफोजींचा शरभ आणि तायगचा टिमथी हे एकाच पंक्तीला बसतील.

पेशवाईत ओळख पटवण्याचे काम दुसऱ्या एका गोष्टीने केले : पित्याच्या नावाने. बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव, बाळाजी जनार्दन. पहिले पेशवे, त्यांचे नातू नानासाहेब, आणि नाना फडणवीस. पहिले नाव तिघांचे एकच. मधले नाव काढले तर इतिहास कोसळेल. पण या मधल्या नावालाही स्वतःचे वळण आहे. पहिल्या बाजीरावांच्या शिक्क्यात पित्याचे नाव 'बाळाजी' असे न येता 'बल्लाळ' असे येते. थोरले माधवराव हे नानासाहेबांचे पुत्र म्हणून तेही 'माधवराव बल्लाळ'. घरी बोलावण्याचे रूप 'बाळाजी', शिक्क्यावर मिरवण्याचे 'बल्लाळ'. आणि स्वतः बाजीरावांचे पाळण्यातले नाव आजोबांवरून 'विसाजी', चिमाजी आप्पांचे 'अंताजी'. जी नावे आपण पराक्रमाशी जोडतो ती दोन्ही भावांची व्यवहारातली नावे आहेत.

या ठिकाणी एका सापळ्याचा उल्लेख करायलाच हवा. माधवराव बल्लाळ १७७२ मध्ये निवर्तले. १७७४ मध्ये जन्मलेल्या पुतण्याचे नाव पुन्हा माधवराव, म्हणजे 'सवाई' माधवराव, शिक्क्यापुरते 'माधवराव नारायण'. त्याच काळात ज्यांची छत्री आपण वानवडीला पाहतो ते महादजी शिंदे हेही कागदोपत्री 'माधवराव' आहेत. एच. जी. कीन याने त्यांचे जे इंग्रजी चरित्र लिहिले त्याचे नावच 'माधवराव सिंधिया'. शिंद्यांचे 'सिंदे', 'सिंधिया', इंग्रजी स्पेलिंगात वर आणखी एक 'सी' हा एक स्वतंत्र संसार आहे. त्यात आज शिरत नाही. मात्र १७८० च्या आसपासच्या इंग्रजी पत्रात नुसता 'माधोराव' दिसला, तर पत्र कुठून निघाले, कोणाला गेले आणि त्यात हुकूम आहे की विनंती, हे पाहिल्याशिवाय माणूस ठरवू नये.

आतापर्यंत आपण ज्यांच्याविषयी बोललो त्यांच्या नावांची दहा-दहा रूपे उपलब्ध आहेत. मराठी रूप खटकले तर फारसी पाहता येते, फारसीत शंका आली तर पोर्तुगीज. ही चैन सर्वांच्या वाट्याला आलेली नाही.

पत्रव्यवहारातल्या स्त्रिया पाहा. 'गंगाजळनिर्मळ मातुश्री', 'वज्रचुडेमंडित' असे भरजरी मायने येतात. नाव पुष्कळदा त्या मायन्याच्या आड लपते. गावच्या कागदांत 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढ्यावरच भागवलेले असते. आपल्याच आडनावाची वंशावळ घेऊन बसा : पुरुषांची साखळी आठ-दहा पिढ्या मागे जाईल, तितक्याच स्त्रियांची नावे सांगता येणार नाहीत.

आणि पुण्यापासून फार दूर नसलेल्या कोरेगावच्या स्तंभाकडे पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावे तिथे कोरली आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे, जो महार समाजातल्या नावांना लागे. शिपायाच्या नावाला 'नाक', शेजारी बापाचे नाव, त्यालाही 'नाक'. इंग्रजी अक्षरांत तो एन-ए-सी असा उतरला. पलटणीच्या कारकुनाने ऐकले, इंग्रजी वळणाने लिहिले, पाथरवटाने कोरले. इंग्रजी अक्षरांवरून 'ट' की 'त', 'ण' की 'न', ऱ्हस्व की दीर्घ, हे कळत नाही. ते आपल्याला मराठीच्या ज्ञानावरून भरून काढावे लागते. शिवाजी महाराजांचे नाव एका लेखणीने वेडेवाकडे लिहिले तर दुसऱ्या दहा ते सुधारायला हजर आहेत. या शिपायांपैकी बहुतेकांना ती दुसरी लेखणी लाभलेली नाही. म्हणून त्या दगडावरचे एकेक अक्षर जपून वाचायचे असते.

हा सारा विषय केवळ हौशी अभ्यासकांचा राहिला आहे असेही नाही. २०२३ मध्ये राज्य शासनाने मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी समिती नेमली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाच्या प्रश्नावर ज्याचे जे मत असेल ते असो; त्या नोंदींसमोर बसलेल्या माणसाची अडचण आक्षीच्या दगडापासून चालत आलेली तीच आहे. समजा, महसुलाच्या एका मोडी वहीत 'सिवा वलद एसु' अशी नोंद आहे. अर्जदाराच्या घरच्या कागदांत आजोबांच्या आजोबांचे नाव 'शिवराम यशवंत' असे आहे. माणूस एकच का? 'सि'चा 'शि' होतो हे आपण पाहिले; येसू हे यशवंताचे घरगुती रूप, हेही पाहिले; 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. पण 'सिवा' हे 'शिवराम'चे रूप, तसे ते 'शिवाजी'चे आणि 'सदाशिवा'चेही असू शकते, आणि त्याच गावात त्याच वर्षी दुसरा 'सिवा वलद एसु' नव्हता हे केवळ नावावरून सांगता येत नाही. त्यासाठी जमिनीचा तुकडा, गावकीतले स्थान, शेजारच्या ओळीतला भाऊ यांच्याकडे वळावे लागते. मोडीचे जाणते वाचक म्हणूनच दोन रकाने ठेवतात : डावीकडे कागदावर आहे तसे, एक वेलांटीही न बदलता, उजवीकडे आपण लावलेले वाचन. उजव्या रकान्यात खोडाखोड चालते. डाव्यात चालत नाही.